चाळीस एमबीची जीआयएफ: एका मदत-पानाचा प्रकरण अभ्यास

मालसाठ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या एका वेब अ‍ॅपचं मदत-पुस्तक नव्याने तयार होत होतं. त्यात एक पान होतं दुबार नोंदी एकत्र करण्याचं. एकच वस्तू दोनदा नोंदली गेली असेल तर यादीतून दोन्ही नोंदी निवडायच्या, ‘एकत्र करा’ दाबायचं, उघडणाऱ्या चौकटीत सगळं तपासायचं आणि पक्कं करायचं. लिहून सांगायला पाच वाक्यं पुरतात. तरी सपोर्टकडे विचारणा याच पानाबद्दल यायची. आधी निवडलेली नोंद मुख्य धरली जाते आणि दुसरी तिच्यात विरते, हे वाचून कोणाच्या लक्षात राहत नसे. एकदा डोळ्यांनी बघितलं की लगेच कळत असे. म्हणून या पानावर छोटं हलतं चित्र, म्हणजे जीआयएफ, टाकायचं ठरलं.

‘जीआयएफ कशाला, सरळ एमपी४ व्हिडिओ लावा’ हा सल्ला एरवी अगदी बरोबर आहे आणि मीही तोच देतो. इथे मात्र मदत-पुस्तक ज्या प्रणालीत राहत होतं ती व्हिडिओचा टॅग पान जतन करतानाच काढून टाकायची. अ‍ॅनिमेटेड वेबपी (चित्रांचा दुसरा एक फॉरमॅट) चढवलं तर पहिली फ्रेम ठेवून बाकीच्या गाळायची. जीआयएफ तेवढी न छेडता जशीच्या तशी ठेवायची, पण २ एमबीपर्यंतच. शिवाय त्याच पानांची पीडीएफही निघणार होती. एवढ्या चौकटीत बसायचं म्हटल्यावर पर्याय उरला नाही.

पहिली फाइल

रेकॉर्डिंग रीतसर झालं होतं. १४४० बाय ९०० ची खिडकी, ३० सेकंद, सेकंदाला ३० फ्रेम. एमपी४ जेमतेम दीड एमबीची. ती एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या साधनाला दिली, पुढे कुठलाही फिल्टर न लावता आउटपुटचं नाव जीआयएफ असं दिलं, आणि ४० एमबीच्या वरची फाइल हातात आली. मोठी तर होतीच, वर कुरूपही. अ‍ॅपची फिकट राखाडी पार्श्वभूमी गुलाबी-निळसर ठिपक्यांनी भरली होती, आणि मथळ्याच्या पट्टीतला निळा ग्रेडियंट (एका छटेतून दुसरीत हळूहळू जाणारा रंग) पायऱ्यापायऱ्यांचा दिसत होता.

ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. पण बहुतेक जण दोन्हींवर एकच उपाय करतात: फाइल मोठी झाली की रंग कमी करतात, खराब दिसली की रंग वाढवतात, आणि त्या खाली-वर करण्यात दिवस जातो. म्हणून आधी कुरूपपणाचं निदान उरकून घेतो, कारण ते सोपं आहे.

जीआयएफ हा १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेने आणलेला फॉरमॅट. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत फ्रेममधला विलंब आणि पारदर्शक रंग यांची सोय झाली, आणि १९९५ मध्ये नेटस्केप २.० या ब्राउझरने लूपची, म्हणजे पुन्हापुन्हा चालत राहण्याची, भर घातली. मूळ अट मात्र आजही तीच आहे: एका पॅलेटमध्ये, म्हणजे रंगांच्या यादीत, जास्तीत जास्त २५६ रंग. कुठले २५६ हे न सांगितल्यास एफएफएमपेग एक ठोकळेबाज पॅलेट वापरतं, ज्यात लालच्या ८, हिरव्याच्या ८ आणि निळ्याच्या फक्त ४ पायऱ्या असतात. ८ आणि ४ पायऱ्यांचा मेळ फक्त दोन टोकांना बसतो, काळ्याला आणि पांढऱ्याला. मधला एकही शुद्ध राखाडी त्या पॅलेटमध्ये नसतो. तेव्हा फिकट राखाडी दाखवण्यासाठी प्रोग्राम थोडे गुलाबी, थोडे निळसर, थोडे पांढरे ठिपके शेजारीशेजारी मांडतो आणि लांबून राखाडी भासेल अशी आशा करतो. स्क्रीनवरच्या अ‍ॅपचा निम्म्याहून जास्त भाग फिकट राखाडीच असतो, त्यामुळे घात नेमका तिथेच होतो.

यावर उपाय जुना आहे. एफएफएमपेगमध्ये पॅलेटजेन आणि पॅलेटयूज असे दोन फिल्टर आहेत. पहिला रेकॉर्डिंगमधले प्रत्यक्ष रंग मोजून त्यातून पॅलेट बनवतो, दुसरा ते लावतो. हे केल्याबरोबर ठिपके गेले. वजन मात्र थोडंच उतरलं; अजूनही आमच्या मर्यादेच्या कितीतरी पट होतं.

वजन कुठे दडलं होतं

इथे अंदाजाने बटणं फिरवण्यापेक्षा फाइल उघडून बघावी. गिफसिकल नावाचं कमांड-लाइन साधन आहे. त्याला माहिती विचारली की ते प्रत्येक फ्रेमची ओळ छापतं: क्रमांक, नव्याने लिहिलेल्या आयताची लांबी-रुंदी, तो आयत कुठून सुरू होतो, किती विलंब, आणि आकाराचा ऑप्शन दिला तर ती फ्रेम किती बाइट खाते तेही. नऊशे फ्रेमची यादी वाचायला कंटाळवाणी असते, पण नुसती नजर फिरवली तरी तिचा आकार कळतो. बऱ्याचशा फ्रेम माफक होत्या. मग अचानक एका पट्ट्यात सगळ्या अवाढव्य. पुन्हा माफक, पुन्हा एक छोटा अवाढव्य पट्टा.

पहिला पट्टा होता यादी स्क्रोल करतानाचा. एकूण बाइटपैकी निम्म्याहून जास्त त्या थोड्या सेकंदांत गेले होते. दुसरा, चौकट उघडताना मागचं पान हळूहळू काळवंडतं तेव्हाचा.

असं का होतं हे कळायला जीआयएफची कार्यपद्धती डोळ्यांसमोर हवी. एमपी४ सारख्या व्हिडिओत ‘हा तुकडा बारा पिक्सेल वर सरकला’ असं सांगायची सोय असते. जीआयएफला सरकणं ठाऊकच नाही. तिला दोनच गोष्टी येतात: हा पिक्सेल बदलला, किंवा हा बदलला नाही. न बदललेला पिक्सेल पारदर्शक ठेवता येतो, आणि जीआयएफचं एलझेडडब्ल्यू नावाचं कॉम्प्रेशन ओळीने चालत असल्यामुळे पारदर्शक पिक्सेलची लांब रांग जवळजवळ फुकटात बसते. बदललेला पिक्सेल मात्र पुन्हा लिहावा लागतो. स्क्रोल करताना पानावरचं प्रत्येक अक्षर जागचं हलतं. म्हणजे सेकंदाला तीस वेळा अख्खं पान नव्याने लिहायचं. काळवंडण्याचंही तसंच. नजरेला तो एक सौम्य परिणाम वाटतो, पण त्यात प्रत्येक पिक्सेल प्रत्येक फ्रेमला बदलतो. त्याचा दुसरा तोटा जास्त छुपा आहे. पानावरच्या प्रत्येक रंगाची एक काळवंडलेली जुळी छटा तयार होते, आणि अडीचशे रंगांच्या पॅलेटमधली बरीच जागा या जुळ्या अडवून बसतात.

या प्रकरणातून माझं जे मत पक्कं झालं ते हेच. स्क्रीन रेकॉर्डिंगच्या जीआयएफमध्ये लढाई रंगांची कमी आणि स्थिरतेची जास्त असते. जे हललं नाही ते खरोखर, बाइटच्या पातळीवर, हललेलं नसावं. बाकी सगळी बटणं त्यानंतरची.

जे हललं नव्हतं तेही हलत होतं

स्क्रोल आणि काळवंडणं समजलं. पण त्या ‘माफक’ फ्रेमही हव्या त्याहून जड होत्या. ज्या सेकंदांत पडद्यावर माउसच्या बाणाशिवाय काही हलत नाही, तिथे आयत बाणाएवढाच असायला हवा. यादीत मात्र आयत जवळपास पूर्ण पडद्याएवढे होते.

मग मूळ एमपी४ च्या शेजारशेजारच्या फ्रेमची वजाबाकी केली. एफएफएमपेगच्या टीब्लेंड फिल्टरला ‘डिफरन्स’ पद्धत दिली की जे बदललं नाही ते काळं दिसतं आणि बदललेलं उजळ. पहिल्या नजरेत चित्र अपेक्षेप्रमाणे होतं: काळा पडदा, त्यावर बाणाच्या दोन सावल्या, एक जुन्या जागेची, एक नव्या जागेची. ब्राइटनेस ताणून वाढवला तेव्हा खरी गोष्ट वर आली. प्रत्येक अक्षराभोवती, प्रत्येक बटणाच्या कडेला धुरकट जाळी होती, आणि ठरावीक अंतराने सगळ्या पडद्यावर एक लाट उमटून जात होती.

ती लाट म्हणजे कीफ्रेम, व्हिडिओत अधूनमधून पूर्ण साठवली जाणारी फ्रेम. एमपी४ मधलं एच.२६४ चं कॉम्प्रेशन काही तपशील सोडून देतं, आणि काय सोडायचं ते प्रत्येक कीफ्रेमला नव्याने ठरवतं. त्यामुळे स्थिर अक्षराचा राखाडी २१८ वरून २२० होतो, पुन्हा २१९ वर येतो. डोळ्यांना पत्ताही लागत नाही. पण पॅलेटमध्ये २१८ आणि २२० वेगवेगळ्या खान्यांत पडले, तर जीआयएफच्या हिशेबी तो पिक्सेल बदलला.

त्यावर भर घातली डिदरिंगने, म्हणजे पॅलेटमध्ये नसलेला रंग ठिपक्यांनी भासवण्याच्या युक्तीने. पॅलेटयूजचं ठरलेलं डिदरिंग एरर डिफ्यूजन प्रकारचं असतं: एका पिक्सेलला अचूक रंग मिळाला नाही की उरलेला फरक उजवीकडच्या आणि खालच्या पिक्सेलवर ढकलायचा. छायाचित्राला हे छान दिसतं. हलत्या पडद्याला ते महागात पडतं, कारण वर डाव्या कोपऱ्यात बाण जरा हलला की ढकललेला फरक बदलतो, आणि खालच्या भागातले ठिपके नव्याने मांडले जातात. कोणी हात न लावलेली राखाडी पार्श्वभूमी अशी वळवळत राहते. जीआयएफ बघताना सपाट जागेत बारीक मुंग्या चालल्यासारखं वाटतं ते यामुळेच.

आणखी एक किरकोळ पण खोडकर गोष्ट सापडली. रूपांतर करणारी साधनं सहसा एका फ्रेमला एकच आयत देतात. अ‍ॅपच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ‘जतन झालं’ सांगणारा ठिपका लुकलुकत होता. बाण खाली डावीकडे असताना तो लुकलुकला, की दोघांना कवेत घेणारा आयत अख्ख्या पडद्याएवढा व्हायचा.

पुन्हा रेकॉर्डिंग

इथवर आल्यावर जुन्या रेकॉर्डिंगवर कष्ट करण्यात अर्थ नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मूळच डळमळीत असेल तर पुढचं कुठलंही साधन ते स्थिर करू शकत नाही. फार तर धूसर करेल.

दुसऱ्या रेकॉर्डिंगची तयारी प्रत्यक्ष रेकॉर्डिंगपेक्षा जास्त वेळ खाऊन गेली, आणि तो वेळ सत्कारणी लागला. सगळ्यात आधी आकार. मदत-पानाच्या मजकुराचा स्तंभ ७२० पिक्सेल रुंद होता. त्याहून रुंद चित्र टाकलं की ब्राउझर ते स्वतःच आकसून दाखवतो, आणि मेहनतीने राखलेली अक्षरं शेवटच्या पायरीवर पुसट होतात. म्हणून नोंदवायचा भागच ७२० बाय ४५० ठेवला. मोठी खिडकी नोंदवून नंतर लहान करण्यापेक्षा खिडकीच लहान करणं केव्हाही चांगलं. अक्षरं एकास एक राहतात. लहान करताना, विशेषतः लँझोस पद्धतीने, अक्षरांभोवती फिकट वलयं उमटतात आणि पांढऱ्याच्या दहा जवळजवळच्या छटा विनाकारण पॅलेटमध्ये घुसतात. दुप्पट घनतेच्या स्क्रीनवर रेकॉर्डिंग १४४० बाय ९०० चं निघेल. ते बरोबर निम्मं करावं, म्हणजे चार पिक्सेलचा एक होतो. दोन-तृतीयांश वगैरे अधलंमधलं प्रमाण नको.

त्या ७२० बाय ४५० मध्ये मथळ्याची पट्टी येऊच दिली नाही. ग्रेडियंट गेला, लुकलुकणारा ठिपका गेला. कृती समजायला त्या पट्टीची गरज नव्हती. डिझाइन बघणाऱ्या सहकारिणीला हे पटेना. ती म्हणाली, “अरे, लोगोच नाही दिसत. कुठल्या अ‍ॅपचं आहे हे कळणार कसं?” तिला म्हटलं, “अगं, मदत-पान आपलंच आहे ना. लोगो त्याच्या डोक्यावर आहेच की.” त्यावर ती हसली आणि विषय संपला.

ऑपरेटिंग सिस्टिममधली हालचाल कमी करण्याची सेटिंग चालू केली. नीट बांधलेली वेब अ‍ॅप ही सेटिंग मानतात, आणि आमचंही मानत होतं. चौकट आता हळूहळू न उगवता थेट उघडायला लागली. काळवंडण्याच्या सगळ्या फ्रेमची मिळून एकच झाली. स्क्रोल तर काढूनच टाकला. यादीत खाली जाण्याऐवजी शोधाच्या रकान्यात वस्तूचं नाव टाकलं, आणि दोन्ही दुबार नोंदी एकाखाली एक समोर आल्या. कृती शिकवायलाही हे जास्त चांगलं निघालं, कारण खऱ्या वापरात हजार नोंदींतून कोणी बोटाने खाली जात नाही.

नोंदवण्यासाठी ओबीएस स्टुडिओ होतं. त्यात रंगाचा फॉरमॅट मुळात एनव्ही१२ असतो, म्हणजे ४:२:० पद्धत: उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा, पण रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकच. चेहऱ्यांना आणि झाडांना हे चालतं. पांढऱ्यावरच्या बारीक लाल अक्षरांना चालत नाही. त्यांच्या कडा गुलाबी होऊन पसरतात. चौकटीतली ‘हे परत फिरवता येणार नाही’ ही सूचना नेमकी बारीक लाल अक्षरांत होती. फॉरमॅट ४:४:४ चा केला आणि रेकॉर्डिंग लॉसलेस, म्हणजे काहीही तपशील न गाळणारं, ठेवलं. फाइल भलीमोठी झाली, होऊ दे; ती तात्पुरती होती. वजाबाकी पुन्हा केली तेव्हा ब्राइटनेस कितीही ताणला तरी बाणाशिवाय पडदा काळाकुट्ट राहिला. सगळ्या प्रकरणातला सर्वात समाधानाचा भाग तोच.

कृती आधी दोन-चारदा हाताखालून घालवली होती. बाण भटकला नाही, बटण शोधण्यात वेळ गेला नाही, आणि लांबी ३० सेकंदांवरून १२ वर आली.

रूपांतर

आता हिशेब बघा. आधी १४४० गुणिले ९०० पिक्सेल आणि ९०० फ्रेम, म्हणजे कॉम्प्रेशनच्या आधी सुमारे ११७ कोटी बाइट. आता ७२० गुणिले ४५०, आणि सेकंदाला १० फ्रेम धरल्यास १२० फ्रेम: ३ कोटी ८९ लाख. कॉम्प्रेशनचं एकही बटण न दाबता कच्चा माल तीस पट कमी.

सेकंदाला दहा फ्रेमच का, हे सांगायला हवं. जीआयएफमधला विलंब सेकंदाच्या शंभराव्या भागात, तोही पूर्णांकातच लिहिता येतो. दहा फ्रेमला विलंब १०, वीसला ५, पंचवीसला ४. साडेबाराही जमतं, विलंब ८. तीस मात्र बसत नाही. ३ आणि ४ आलटून पालटून द्यावे लागतात आणि बाण किंचित अडखळत चालतो. साठच्या वाटेला जाऊच नये. विलंब १ किंवा ० दिसला की ब्राउझर तो १० धरतात, आणि सुसाट व्हावी म्हणून बनवलेली जीआयएफ गोगलगायीच्या चालीने चालते. अ‍ॅपमधली कृती दाखवायला दहा पुरतात. बाण थोडा टपटप उड्या मारतो, पण इथे बाण कुठे थांबतो याला महत्त्व आहे.

त्यानंतर एमपीडेसिमेट फिल्टरने सारख्या फ्रेम गाळल्या, म्हणजे वाचण्यासाठी सोडलेली दोन सेकंदांची स्तब्धता वीस फ्रेमऐवजी लांब विलंबाच्या एका फ्रेमवर आली. क्रम महत्त्वाचा: फ्रेम रेट आधी, गाळणं नंतर. उलट केलं की गाळलेल्या फ्रेम फ्रेम रेटचा फिल्टर पुन्हा भरून टाकतो. हा फिल्टर अगदी फिकट बदल ‘बदल’ मानत नाही, हेही ध्यानात ठेवायचं. एकत्र झालेल्या ओळीवरचा फिकट हायलाइट विरत जातो त्यातल्या शेवटच्या पायऱ्या त्याने गिळल्या. आमच्यासाठी ते बरंच झालं, पण तो हायलाइट हाच तुमचा मुद्दा असेल तर मर्यादा कमी करून घ्या. रकान्यातल्या लुकलुकत्या कर्सरच्या मागे मात्र लागू नये. त्याचा आयत इतका चिमुकला की बाइट मोजण्यासारखे नसतात.

पॅलेट एकच, सगळ्या फ्रेमना मिळून. पॅलेटजेनला फक्त बदलणाऱ्या भागांतले रंग मोजायला सांगता येतं, आणि स्क्रीन रेकॉर्डिंगसाठी ते सर्रास सुचवलंही जातं. सपाट अ‍ॅपसाठी मला ते जपून वापरावंसं वाटतं: जी गोष्ट पहिल्या फ्रेमपासून स्वस्थ बसली आहे तिचा रंग मग हिशेबात नीट येत नाही. आम्ही सगळे पिक्सेल मोजले.

रंग किती? आधी ३२ करून बघितले. अक्षरं उत्तम. पण यादीत ‘उपलब्ध’ सांगणारी एक बारीक हिरवी खूण होती, ती मळकट राखाडी झाली. पॅलेट बनवताना पिक्सेलची संख्या बघितली जाते, आणि तसल्या चिमुकल्या खुणेचं वजन अक्षरांच्या कडांवरच्या शेकडो राखाडी छटांपुढे कितीसं पडणार? ६४ वर खूण परत हिरवी झाली. १२८ आणि ६४ मध्ये मात्र शेजारीशेजारी ठेवूनही फरक सापडेना, म्हणून ६४ वर थांबलो.

डिदरिंग पूर्ण बंद. ग्रेडियंट उरलाच नव्हता, मग ठिपके कशासाठी? सपाट रंगाच्या लांब रांगा हे एलझेडडब्ल्यूचं आवडतं खाद्य, आणि डिदरिंग त्या रांगा मोडतं. ग्रेडियंट टाळता येत नसेल तर बायर पद्धत निवडावी. तिचे ठिपके पिक्सेलच्या जागेवरून ठरतात, शेजाऱ्याच्या चुकीवरून नाही, त्यामुळे स्थिर भाग स्थिर राहतो. एरर डिफ्यूजनच हवं असेल तर पॅलेटयूजला फरक आयतापुरता मर्यादित ठेवायला सांगता येतं. मुंग्या निदान बाहेर पसरत नाहीत.

गिफस्की नावाचं दुसरं रूपांतर-साधनही वापरून बघितलं. ते प्रत्येक फ्रेमला वेगळं पॅलेट देतं आणि फ्रेमफ्रेममध्ये रंग मिसळून २५६ ची मर्यादा ओलांडल्याचा भास निर्माण करतं. व्हिडिओच्या रंगीत तुकड्यासाठी त्याच्या तोडीचं काही मला माहीत नाही. आमच्या राखाडी-पांढऱ्या यादीला त्या श्रीमंतीची गरज नव्हती आणि फाइल मोठी निघाली.

फाइल आता एक एमबीच्या आत होती.

शेवटचा हात

गिफसिकलच्या तिसऱ्या पातळीच्या ऑप्टिमायझेशनने अजून थोडं वजन काढलं, चित्राला धक्का न लावता. त्याचा लॉसी पर्याय मी इथे वापरला नाही. तो एलझेडडब्ल्यूला ‘अगदी जुळत नसलं तरी जवळपासचं चालवून घे’ असं सांगतो. एलझेडडब्ल्यू आडव्या ओळीत चालत असल्यामुळे त्या सवलतीच्या खुणाही आडव्याच उमटतात: अक्षरांच्या उजवीकडे मळकट फराटे. छायाचित्रात ते खपून जातात, पांढऱ्या कागदावरच्या काळ्या अक्षरांपाशी डोळ्यांत खुपतात. मर्यादेत आधीच बसलो होतो, मग कशाला?

लूपचा प्रश्न त्याहून विचार करायला लावणारा होता. काम संपल्यावर शेवटची फ्रेम तीन सेकंद धरून ठेवली, नाहीतर बघणाऱ्याला शेवट कुठे आणि सुरुवात कुठे हे कळत नाही. पीडीएफमध्ये आणि काही ईमेल प्रोग्राममध्ये फक्त पहिली फ्रेमच दिसते, म्हणून पहिली फ्रेम रिकाम्या यादीची न ठेवता दोन्ही दुबार नोंदी निवडलेल्या, १ आणि २ असे क्रमांक लागलेल्या अवस्थेची ठेवली. ती एकटी बघितली तरी मुद्दा कळतो.

शिवाय सुगम्यतेचा, म्हणजे पान सगळ्यांना वापरता यावं याचा, नियम आहेच. वेब मजकुराच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतलं २.२.२ हे कलम सांगतं की आपोआप सुरू होणारी, इतर मजकुराच्या शेजारी पाच सेकंदांहून जास्त चालणारी हालचाल थांबवता किंवा लपवता आली पाहिजे. जीआयएफला थांबवायचं बटण नसतं. प्रणालीत घडी घातलेला परिच्छेद टाकायची सोय होती, तिच्यात जीआयएफ ठेवली. बाहेर स्थिर चित्र आणि ‘हलतं चित्र बघा’ अशी ओळ. घडी उघडली की चालू, मिटली की नजरेआड. बारा सेकंदांची ती हालचाल वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सतत नाचत राहिली असती तर मीच ती काढायला लावली असती.

हीच पद्धत नंतर मदत-पुस्तकातल्या बाकीच्या पानांना लावली आणि बहुतेक ठिकाणी रूपांतराच्या सेटिंगला हात लावावा लागला नाही. जिथे फाइल फुगली तिथे आधी वजाबाकी बघितली, आणि दरवेळी पडद्यावर काहीतरी विनाकारण हलताना सापडलं: एकदा चौकटीची मऊ सावली, एकदा गोल फिरणारं ‘लोड होत आहे’, एकदा पारदर्शक मेनूच्या मागे सरकणारी यादी.

एक पान मात्र बधलं नाही. वस्तूचा फोटो जोडून तो दोन बोटांनी मोठा करण्याचं. फोटोला २५६ रंग अपुरे, आणि मोठा होताना प्रत्येक पिक्सेल प्रत्येक फ्रेमला बदलणार. रंग उतरवले तर फोटो भाजल्यासारखा दिसायचा, फ्रेम उतरवल्या तर मोठा होण्याची क्रिया दोन झटक्यांत संपायची. तिथे जीआयएफ सोडून दिली. फोटो जोडण्यापूर्वी आणि मोठा केल्यावर अशी दोन स्थिर चित्रं एकाखाली एक लावली आणि मधे एक वाक्य लिहिलं.